खापरोळीची इंडोनेशियातली भावंडं: सराबी, तेरांग बुलान, दादर गुलुंग... कुणी केलंय का?

मिठबावची सून:
नमस्कार मंडळी, आमचं देवगड तालुक्यात छोटंसं होमस्टे आहे, नाश्त्याला घावणे, आंबोळ्या आणि सुट्टीच्या दिवशी खापरोळी नि रस. माझे धाकटे दीर बोटीवर असतात, मध्ये त्यांची बोट सुराबायाला लागली होती, तिथून त्यांनी दोन व्हिडिओ पाठवले आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. एकात एक बाई मातीच्या चिमुकल्या तव्यांवर पांढरं पीठ ओतून वर मातीचंच झाकण ठेवतेय, झाकण काढलं की मस्त जाळी पडलेली, मग वाटीत घालून वरून गुळाचा नारळरस. सासूबाई म्हणाल्या ही तर आपली खापरोळी, हळद तेवढी विसरली ती! दुसऱ्यात रात्रीची गाडी, हा एवढा जाड तवा, त्यात दोन बोटं जाड पिवळा केकसारखा प्रकार, त्यावर बटर, चॉकलेटचे दाणे, शेंगदाण्याचं कूट, किसलेलं चीज आणि हात सैल सोडून कंडेन्स्ड मिल्क, मग मधोमध दुमडून कापून खोक्यात. भावोजी म्हणतात दोन्ही तिकडचे पॅनकेकच. गाडीवर तेरांग बुलान लिहिलेलं, पण त्यांचा बोटीवरचा मित्र त्यालाच मार्ताबाक म्हणतो.

मला विचारायचंय की हे दोन्ही एकाच जातीचे प्रकार आहेत की वेगळे, अजून काय काय असतं तिकडे, आणि आपल्याकडचा तांदूळ, नारळ, गूळ वापरून त्यातलं काय जमेल. पाहुण्यांत अंडं न खाणारे बरेच असतात तेही लक्षात घेऊन सांगा. मातीचा तवा लागतोच का की बिडाच्या तव्यावर चालेल? आणि ते हिरवं पान कसलं असतं, सगळ्यात घालतात ते?

रत्नांग्रीकर_ओरिजिनल:
ताई मार्ताबाक म्हणजे आपली बैदा रोटी हो. मुंबईत महंमद अली रोडला रमजानात मिळते तसलीच, पातळ पोळीत अंडं नि खिमा घालून चौकोनी घडी. ती गोड कधीपासून झाली? तुमच्या भावोजींच्या मित्राने काहीतरी भलतंच ऐकलेलं दिसतंय.

आणि सराबी का काय ते, ते घावणंच आहे. आपलेच लोक पूर्वी गलबतं घेऊन तिकडे जायचे, आपणच शिकवलं असणार.

निवृत्त भंडारी:
मी बोटीवर भंडारी होतो, म्हणजे गॅली (बोटीवरचं स्वयंपाकघर) माझ्या ताब्यात, आणि जाव्याची बंदरं बरीच केली, तांजुंग प्रियोक (म्हणजे जकार्ता) आणि तांजुंग पेराक (सुराबाया). तेव्हा थोडं विस्ताराने लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

सूनबाई, तुमच्या भावोजींचा मित्रही बरोबर आणि रत्नांग्रीकरही बरोबर. मार्ताबाक दोन असतात. एक तेलूर, म्हणजे अंड्याचा, तो बैदा रोटीचाच भाऊ, अरब आणि आपल्याकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेलेला. दुसरा मानिस म्हणजे गोड, आणि त्याचा पहिल्याशी काडीचा संबंध नाही, फक्त दोन्ही एकाच गाडीवर विकतात म्हणून एका नावाखाली आले. गोडवाला मूळचा बांग्का बेटावरच्या चिनी लोकांचा. बांग्काला कथिलाच्या खाणी, तिथे चीनहून मजूर आले, त्यांच्यात तो होक लो पान. जकार्ताला मार्ताबाक मानिस म्हणाल तर मिळेल, सुराबायाला तेरांग बुलान म्हणायचं, सेमारांगकडे कुए बांदुंग. मित्र जकार्ताला खाऊन आला असणार, एवढंच.

करण्याची रीत आंबोळीची नाही हं. मैदा, अंडं, साखर, पाणी आणि खायचा सोडा, पीठ ठेवून द्यायचं, बिडाचा जड कडेचा तवा चांगला तापवून त्यात ओतायचं आणि लगेच तवा फिरवून कडेला पातळ थर चढवायचा, तीच ती कुरकुरीत कड. मंद आच, वरची भोकं फुटत आली की साखर भुरभुरवून झाकण. उलटायचा नाही. बाहेर काढला की तोंड मिटून बटर, कारण ते जितकं जास्त तितका चांगला असा तिथल्या गाडीवाल्याचा हिशोब असतो. चवीला झकास, पण होमस्टेच्या नाश्त्याला हा प्रकार ठेवूच नका असं माझं मत आहे, मैदा आणि कंडेन्स्ड मिल्क खायला देवगडला कोण येतंय?

आता सराबी. हा खरा तुमच्या कामाचा. तांदळाचं पीठ नि नारळाचा रस, अंडं नाही. याचेही दोन घराणे समजा. सोलोला (सुराकार्ता) जी करतात ती पातळ, मधे मऊ आणि कडा कुरकुरीत. पीठ ओतून कडा धरल्या की मधोमध पहिला जाड नारळरस ओततात आणि मग झाकण, त्यामुळे मधला भाग जवळजवळ खरवसासारखा राहतो. गुंडाळी करून केळीच्या पानात देतात, वेगळा रस नाही. तिथल्या नोतोसुमान भागातलं दुकान १९२३ पासून आहे, साधी आणि चॉकलेटचे दाणे घातलेली अशी दोनच प्रकारची ठेवतात, त्यावर त्यांचं चाललंय. बांदुंगकडे त्यालाच सुराबी म्हणतात, ती जाड, आणि तिथे तिखटमिठाचीही मिळते, वर ओन्चोम घालून. ओन्चोम म्हणजे शेंगदाण्याची पेंड नाहीतर टोफूचा चोथा आंबवलेला, केशरी बुरशी धरते त्याला. मला काही ते मानवलं नाही. तुम्ही व्हिडिओत पाहिलीत ती जाड सराबी, गुळाच्या रसातली. त्या रसाला किंचा म्हणतात.

रत्नांग्रीकर_ओरिजिनल:
काका माहिती भारी, पण मग मी तेच म्हणतोय ना, तांदूळ + नारळ + गूळ = आपलं. रस-घावणे आणि हे यात फरक काय?

निवृत्त भंडारी:
फरक आचेचा. घावण्याचं पीठ पाण्यासारखं, तापल्या तव्यावर हाताने फेकल्यासारखं टाकतो, जाळी पडते ती पाण्याच्या वाफेने, आणि उलटून पालटून दोन मिनिटात मोकळे. सराबीच्या पिठात पाणी नसतंच जवळजवळ, नारळाचा रसच. त्यात तेल भरपूर म्हणून नुसतं तापवलं तर खालून करपतं नि वरून कच्चं राहतं. म्हणून माती. माती हळू तापते, हळू सोडते, वर मातीचं झाकण म्हणजे वरूनही उष्णता, खाली लाकूड नाहीतर कोळसा. उलटायचं कामच नाही, खालची बाजू खरपूस, वरची वाफेवर शिजलेली. घावण्यापेक्षा खापरोळीच्या जवळचं आहे हे, सासूबाई बरोबर बोलल्या. फक्त खापरोळीला उडीद, मेथी, पोहे लागतात आणि आंबवावं लागतं, त्यांच्यात उडीद येतच नाही.

आणि गलबतवाल्यांनी शिकवलं वगैरे राहू द्या हो. जिथे माड आणि भात आहे तिथे माणसं हे करणारच, केरळात आप्पम, श्रीलंकेत आप्पा, जाव्यात आपेम. कुणी कुणाला दिलं याची पावती कुणाकडे आहे?

परसबाग_कुडाळ:
हिरव्या पानाचं मी सांगते. ते पांडान. नर्सरीत अन्नपूर्णा म्हणून मागा, काहीजण बासमतीचं झाड म्हणतात, कुणी आंबेमोहोर पान. लांब तलवारीसारखी पानं, काटे नाहीत, फूल येत नाही, मुळाशी फुटवे येतात तेच लावायचे. चुरगळलं की भाताचा वास येतो, आणि तो भास नाही, बासमतीत जो वासाचा घटक असतो तोच या पानात असतो. आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर एवढं माजलंय की शेजारणी भातात घालायला घेऊन जातात. केवड्याचं पान आणू नका कुणी, कुळ एकच असलं तरी ते वेगळं झाड, काट्यांनी हात फाडून घ्याल आणि वास यायचा नाही.

रस किंवा गूळ शिजवताना आख्ख्या पानाची गाठ मारून टाकायची नि नंतर काढायची. पिठाला हिरवा रंग हवा असेल तर पानं कातरून थोड्या पाण्यात मिक्सरला लावून गाळायची, रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की खाली गडद हिरवा गाळ बसतो, वरचं पाणी ओतून टाकून तो गाळ वापरायचा, वरचं कडवट लागतं. तिकडे रंगासाठी सुजी नावाच्या दुसऱ्या झाडाची पानंही त्यात घालतात, पांडानचा वास नि सुजीचा रंग. आपल्याकडे नुसत्या पांडानवर रंग फिका येतो, येऊ दे. बाटलीतला हिरवा इसेन्स मात्र कृपा करून नको, साबणाचा वास येतो.

हे पान हाताशी आलं की सूनबाई तुम्ही दादर गुलुंग करा (दादर स्टेशनचा काही संबंध नाही 😀). हिरवी पातळ धिरडी, आत ओलं खोबरं नि गुळाचं सारण, बाजूने दुमडून गुंडाळी. सारण म्हणजे मोदकाचं चूनच, वेलचीऐवजी पांडानचं पान आणि मीठ किंचित जास्त. गोव्यात अळेबेळे करतात ते आणि हे समोरासमोर ठेवलं तर रंगावरूनच कळेल कुठलं कुठलं. मूळ कृतीत मैदा आणि अंडं असतं, मी अंड्याऐवजी नारळाचा रस वाढवते आणि मैद्यात चमचाभर तांदळाचं पीठ घालते, धिरडं फाटत नाही. ही आधी करून ठेवता येतात, नाश्त्याच्या वेळेला धावपळ नाही.

सोडे_सुकट:
गो बाय, ह्या सगळा गोड गोड चललासा, तिखट खाणाऱ्यांका काय असा की नाय थंय?

निवृत्त भंडारी:
असा रे असा. केराक तेलोर खा. जकार्ताच्या बेतावी लोकांचा पदार्थ, जून-जुलैत तिथे मोठी जत्रा भरते जकार्ता फेअर म्हणून, तिथे ओळीने गाड्या. पॅनकेक म्हणावा की ऑम्लेट यावर वाद घाला. भिजवलेला चिकट तांदूळ लोखंडी कढईत, त्यावर अंडं, सुकी कोळंबी वाटून, भाजलेलं मसाल्याचं खोबरं, तळलेला कांदा. बिनतेलाचा असल्यामुळे तो तांदूळ कढईला घट्ट धरतो, मग माणूस सरळ कढई उलटी करतो निखाऱ्यावर, तोंड खाली! पडत नाही. वरची बाजू अशी भाजून काढतात. सोडे भाजून कुटून घातलेस तर तुझ्या नावाला जागशील. आपल्या साध्या तांदळाने नाही धरणार, चिकट तांदूळच हवा, ऑनलाइन मिळतो.

अजून छोटे छोटे बरेच आहेत, सगळे लिहीत नाही. बालीतलं लाकलाक मात्र सूनबाईंनी बघावं, मातीच्या साच्यात एकदम बऱ्याच होणाऱ्या पांढऱ्या नि हिरव्या टिकल्या, वर ओलं खोबरं आणि पातळ गूळ. सकाळीच खातात. कुए पांचोंग (सुंदा भागात बांद्रोस) म्हणजे तांदळाच्या पिठात ओलं खोबरं घालून अर्ध्या चंद्राच्या साच्यात, खारट, वर साखर. कुए रांगी पिठाच्या जागी टॅपिओकाचा, त्यावर चिकट गुळाचा पाक. कुए आपे जकार्ताच्या शाळांबाहेर, हिरवा, मधे उशीसारखा फुगीर आणि कड कागदासारखी. कुए चुबित नि पोफर्चेस हे डच लोकांचं देणं. आणि आपेम, तो खाण्यापेक्षा देण्याघेण्याचा, क्लातेनजवळ जातीनोमला सापार महिन्यात याकोवियू म्हणून उत्सव असतो, तेव्हा उंचावरून आपेम गर्दीत फेकतात आणि लोक झेलतात. नेलेला आपेम लोक शेतातही टाकतात, पीक चांगलं यावं म्हणून.

मिठबावची सून:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, काका आणि कुडाळच्या ताई दोघांचे आभार. परसबागवाल्या ताई, येत्या बुधवारी कुडाळला येतेय, एक फुटवा द्याल का? लाकलाक आप्पेपात्रात जमेल ना? आणि सराबीचं प्रमाण सांगा कुणीतरी, काका तुम्ही रीत सांगितलीत पण वाटी-चमचा नाही सांगितलात.

परसबाग_कुडाळ:
या की, पिशवी घेऊन या. पाच-सहा फुटवे देते, एकट्याने जगेल की नाही सांगता येत नाही.

खापर_आणि_बीड:
सराबी मी करते, पुण्यात असताना एका इंडोनेशियन विद्यार्थिनीकडून शिकले, आता वेंगुर्ल्याला. एक वाटी तांदळाचं पीठ (कच्च्या तांदळाचं, उकड्याचं चालणार नाही, जड होतं), सव्वा ते दीड वाटी नारळाचा कोमट रस, मीठ, चमचाभर साखर, अर्धा छोटा चमचा यीस्ट. रस कोमटच, बोट घालून सहन होईल एवढाच, कारण गार असला तर पीठ फुलत नाही आणि कढत असला तर यीस्ट मरतं. रस एकदम ओतू नका, थोडा थोडा घालत पळीने उचलून उचलून आपटल्यासारखं घोटा, पंधरा मिनिटं तरी. जुन्या बायका यीस्ट घालतच नव्हत्या, या घोटण्यावरच जाळी काढायच्या. मग तासभर झाकून. घावण्यापेक्षा दाट, आंबोळीपेक्षा किंचित सैल.

तवा मातीचाच घ्या. बिडावर होतं, मी केलंय, पण खालून रंग लवकर येतो आणि आच सारखी कमीजास्त करावी लागते. नवीन खापर आणलं की रात्रभर पाण्यात, मग भाताची पेज घालून उकळायचं, सुकवून तेल लावून तापवायचं, हे तुमच्या सासूबाईंना माहीत असेलच. करताना तेल जवळजवळ नाही, पहिल्याला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा, पुढे नारळाचं तेल आपोआप सुटतं. खापर एवढं तापलेलं हवं की पीठ पडल्यावर चर्र आवाज आला पाहिजे, नाहीतर जाळी पडत नाही, नुसती इडली होते. भोकं पडून वरचा ओलसरपणा जायला लागला की झाकण, गॅसवर करत असाल तर झाकणावर एखादा निखारा ठेवायची सोय नसते म्हणून झाकणही आधी दुसऱ्या शेगडीवर तापवून घ्या. हे कुणी सांगत नाही पण सगळा फरक त्यानेच पडतो. काविलथ्याने कड सोडवा, उलटू नका.

आप्पेपात्रात लाकलाक होतं, फक्त खळगा अर्धाच भरा, टम्म फुगलेला आप्पा करायचा नाहीये, चपटं हवं. हेच पीठ चालतं.

रत्नांग्रीकर_ओरिजिनल:
गूळ कुठला घ्यायचा? कोल्हापुरी चालेल?

खापर_आणि_बीड:
चालेल पण चव वेगळी येणार. त्यांचा गूळ माडाचा नाहीतर आरेन नावाच्या ताडासारख्या झाडाचा असतो, काळपट, धुरकट वासाचा. गोव्याकडे माडाचा गूळ मिळतो, म्हापशाच्या बाजारात बघा, तो घातलात तर एकदम जवळ जाल. उसाच्या गुळाचा करायचा तर काळा, बिनकेमिकलचा घ्या, पिवळाधमक गूळ शिजवताना नारळाचा रस फुटतो कधीकधी.

आणि इथे एक लक्षात ठेवा, आपण खापरोळीचा रस कच्चा करतो, नारळाच्या रसात गूळ विरघळवला, वेलची घातली, झालं. किंचा शिजवतात. आधी गूळ थोड्या पाण्यात पांडानची गाठ घालून विरघळवून गाळून घ्यायचा, मग त्यात नारळरस नि मीठ, सतत ढवळत एक हलकी उकळी. कच्चा रस दुपारपर्यंत आंबतो, शिजवलेला संध्याकाळपर्यंत चांगला राहतो, होमस्टेला हे सोयीचं पडेल.

मिठबावची सून:
रविवारी केलं. सासूबाईंनी माळ्यावरचं जुनं खापर काढून दिलं, त्यामुळे पेज वगैरे काही करावं लागलं नाही. पहिल्या दोन मलाच खाव्या लागल्या, नंतरच्या जाळीदार झाल्या. झाकण तापवायची युक्ती अगदी बरोबर आहे. पाहुण्यांपैकी एक जोडपं बालीला जाऊन आलेलं, त्यांनी लाकलाक लगेच ओळखलं. सासूबाईंचं मत असं की शिजवलेला रस जड होतो, कच्चाच बरा, तर आता दोन्ही वाट्या ठेवतो नि ज्याला जो हवा तो.

आता एक विचारायचंय, फणस सुरू झालाय, रसात गरे घालतात असं भावोजी म्हणाले. बरका घालू की कापा? बरक्याचा रस काढून घातला तर सांदणासारखं होईल ना?

निवृत्त भंडारी:
कापा. बारीक उभे तुकडे करून रस उकळायच्या आधी गुळाच्या पाण्यात दोन मिनिटं शिजवा म्हणजे गोडी आत जाते, नारळरस शेवटी. बरक्याचा रस घातलात तर रस दाट होऊन सराबीत मुरतच नाही, वरच बसतो, आणि फणसापुढे नारळाची चव मरते. तिकडे दुरियान (फणसासारखंच काटेरी, उग्र वासाचं फळ) घालतात तसाच, पण ते आपल्याकडे मागायला कुणी येणार नाही, आणि आलाच तर त्याला अंगणात बसवून वाढा.